दुकान बंद झालं, पण माणूस?

रानातून नुकत्याच घरी आलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मोबाईल मध्ये ठेवून सगळ्या मिळून ऐकणाऱ्या, तुम्हा सर्वांना नमस्कार.

आज दारूबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? दारूनं घर कसं बुडतं हे आपल्याला रेडिओवरून कुणी शिकवायची गरज नाही. खरं आहे. म्हणून आज आम्ही दारूचे तोटे सांगणार नाही. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, अशी एक बैठक असते. ती बैठक कुठून आली, कुणी सुरू केली, इतकी वर्षं कशी टिकली आणि त्या सगळ्यात बायका कुठं होत्या, हे सांगणार आहोत.

आधी आम्ही या वाटेला कशा लागलो ते ऐका. ज्या मावशींची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच सांगतोय. नाव, गाव, खुणा सांगणार नाही. का नाही, तेही पुढं कळेल.

आमच्या भागातल्या एका गावात गटांच्या बायकांनी हातभट्टी बंद पाडली. ग्रामसभेत ठराव केला, पोलीस ठाण्याच्या खेपा घातल्या, शेवटी भट्टी उठली. त्या महिन्याच्या बैठकीत पेढे वाटले. सगळ्या खूश. एक मावशी मात्र पेढा हातात धरून गप्प बसल्या होत्या. आम्ही विचारलं, "मावशी, काय झालं?" त्या म्हणाल्या, "ताई, भट्टी बंद केलीत, चांगलं झालं. पण आमचे हे आता पलीकडच्या गावाला जातात. पैसे जास्त जातात आणि येताना कुठल्या बांधावर पडतील याचा नेम नाही. दुकान बंद झालं, पण माणूस?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. मावशींनी गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. त्यातल्या दोन शेळ्या बाजारात गेल्या होत्या, पैसा कुठं गेला हे सगळ्यांना माहीत होतं. हप्ता मात्र मावशी मजुरी करून भरत होत्या. आम्ही समन्वयक म्हणून हप्त्याची वही तपासायचो, हप्ता वेळेवर आहे म्हणून शेरा मारायचो. तो हप्ता कशातून येतोय हे कधी विचारलं नव्हतं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही थोडं वाचलं, माहितगारांना विचारलं. तेव्हा कळलं की हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याआधी दुसऱ्या बायकांना तो पडून गेलाय.

अमेरिकेत ओहायो नावाचं राज्य आहे. तिथं हिल्सबरो नावाच्या गावात १८७३ सालच्या डिसेंबर महिन्यात बायका घराबाहेर पडल्या. दारूच्या गुत्त्यापुढं जाऊन गुडघे टेकून प्रार्थना म्हणायला लागल्या, गाणी म्हणायला लागल्या. दुकानदाराला विनवायच्या, बाबा, हा धंदा बंद कर. बघता बघता शेकडो गावांत हे लोण पसरलं. पुढच्या वर्षी, १८७४ साली, त्याच ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात बायकांची दारूविरोधी संघटना उभी राहिली.

या संघटनेशी आपल्या पंडिता रमाबाईंचं नातं होतं. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी म्हणून रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८८ पर्यंत तिथं राहिल्या. या संघटनेच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायका एकत्र येऊन काय काय करतात ते आपल्या बायकांना सांगितलं. म्हणजे दारूविरुद्ध संघटित झालेल्या बायकांची हकीकत मराठीत येऊन शंभर वर्षांच्या वर काळ झाला.

त्या बायकांनी आणि इतर अनेकांनी रेटा लावला. शेवटी १९२० साली अख्ख्या अमेरिकेत दारूबंदीचा कायदा लागू झाला. तो १९३३ सालापर्यंत चालला. सुरुवातीला पिणं बरंच कमी झालं. पण चोरून दारू गाळणं, चोरून विकणं वाढलं. ज्याला व्यसन जडलेलं होतं, तो कुठून ना कुठून मिळवतच राहिला.

अशा मिळवत राहणाऱ्यांमधले दोघेजण आपल्या गोष्टीत येतात. एक बिल विल्सन, न्यूयॉर्कमध्ये शेअर बाजाराचं काम करणारा. दुसरा डॉक्टर रॉबर्ट स्मिथ, ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरातला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. त्याला सगळे डॉक्टर बॉब म्हणायचे. शिकलेली, कमावती माणसं. देशात दारूबंदी होती ती सगळी वर्षं दोघेही पीत होते.

बिलची नोकरी गेली, पत गेली. त्याची बायको लोइस. तिनं न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी धरली आणि घर चालवलं. ती कामावरून घरी यायची तेव्हा नवरा पिऊन पडलेला असायचा. तिला वाटायचं, आपण अजून थोडं प्रेम केलं, अजून थोडं समजावलं तर हा सुधारेल. सतरा वर्षं तिनं हे केलं. मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतंय ना?

बिल दवाखान्यात तीन-चार वेळा जाऊन आला. तिथल्या डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्याला एक गोष्ट सांगितली. ती त्या काळी कुणी सांगत नव्हतं. ते म्हणाले, हा तुझा नुसता वाईटपणा नाही, आजार आहे. पहिला घोट पोटात गेला की तुझं शरीर थांबू शकत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये बिल शेवटचा दवाखान्यात गेला आणि त्यानंतर प्यायला नाही. मग त्याला वाटलं, आता मी सगळ्या दारुड्यांना सोडवतो. पाच-सहा महिने तो माणसं घरी आणायचा, उपदेश करायचा. एकही सुटला नाही. तो लोइसला म्हणाला, सगळं फुकट गेलं. तेव्हा लोइसनं दाखवून दिलं की, अरे, पण तू स्वतः तर प्यायला नाहीस ना! हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मे १९३५ मध्ये बिल कामासाठी अ‍ॅक्रनला गेला. काम फिसकटलं. खिशात पैसे नाहीत, परकं गाव. हॉटेलात एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. बिलला भीती वाटली की आज आपण पिणार. त्याच्या लक्षात आलं, आपल्याला आत्ता दुसरा दारुडा भेटला पाहिजे. त्याला सुधारायला नव्हे, स्वतःला सांभाळायला. तो चर्चच्या यादीतले नंबर फिरवत बसला. शेवटी एका बाईशी गाठ पडली. तिचं नाव हेन्रिएटा सायबरलिंग. ती स्वतः पिणारी नव्हती. पण डॉक्टर बॉबच्या घरची अवस्था तिला माहीत होती आणि तिनं ही भेट जुळवून आणली.

त्या दिवशी मात्र डॉक्टर येऊ शकला नाही. दुसऱ्या दिवशी तिकडं मातृदिन होता. बायकोसाठी डॉक्टरनं झाडाची कुंडी आणली, टेबलावर ठेवली आणि वर जाऊन पिऊन पडला. दुसऱ्या दिवशी, १२ मे १९३५ ला, संध्याकाळी पाच वाजता तो हेन्रिएटाच्या घरी आला. बायकोला म्हणाला होता, पंधरा मिनिटं बसू, जास्त नाही. उठला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

त्या सहा तासांत काय झालं? बिलनं उपदेश केला नाही. फक्त स्वतःचं सांगितलं. कसा प्यायलो, कसं लपवलं, बायकोला काय काय खोटं बोललो. डॉक्टर बॉबला आजवर पुष्कळांनी समजावलं होतं. पण स्वतः त्यातून गेलेला माणूस त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

लगेच चमत्कार झाला नाही. काही आठवड्यांनी डॉक्टर बॉब परगावी डॉक्टरांच्या संमेलनाला गेला आणि परत प्यायला. बिल आणि बॉबची बायको अ‍ॅन यांनी त्याला सावरलं. १० जून १९३५ हा त्याचा पिण्याचा शेवटचा दिवस. १९५० साली तो वारला, तोपर्यंत पंधरा वर्षं त्यानं दारूला हात लावला नाही. तो १० जून हाच 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या बैठकीचा जन्मदिवस मानतात. तिलाच आपल्याकडं थोडक्यात 'ए.ए.' म्हणतात. अनॉनिमस म्हणजे अनामिक, नाव न सांगणारे.

बघा योगायोग. ज्या ओहायोत बायकांनी गुत्त्यापुढं गुडघे टेकले, त्याच राज्यात साठेक वर्षांनी ही बैठक जन्मली. बायकांचं आंदोलन चुकीचं होतं असं आम्हाला म्हणायचं नाही. भट्टी उठलीच पाहिजे, नवीन पोरं त्यामुळं वाचतात. आपल्याकडं गडचिरोलीत बायकांनी लढून १९९३ साली जिल्ह्याची दारूबंदी मिळवली, ती मोठीच गोष्ट आहे. पण दुकान बंद करणं हे एक काम आणि आहारी गेलेल्या माणसाला उभं करणं हे दुसरं काम. पहिलं काम मोर्चानं होतं. दुसऱ्यासाठी सतरंजी टाकून बसावं लागतं.

आता ही बैठक टिकली कशी? कारण अशी बैठक पहिल्यांदाच झाली असं नाही. १८४० साली बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी मिळून दारू सोडायची शपथ घेतली होती. तेही एकमेकांना स्वतःचे अनुभव सांगायचे. 'वॉशिंग्टोनियन' म्हणायचे त्यांना. बायकांनीही त्यांच्या जोडीनं आपले गट काढले होते. लाखो माणसं त्यात आली. पण थोड्याच वर्षांत सगळं विस्कटलं. सभा मोठ्या झाल्या, वक्ते गाजायला लागले, त्यातलं कुणी परत प्यायलं की सगळ्या चळवळीची बदनामी व्हायची. शिवाय कायदा असावा की नसावा, कुठल्या पक्षाला पाठिंबा द्यायचा, यावरून भांडणं. मूळ काम राहिलं बाजूला.

ए.ए.च्या लोकांनी त्यापासून धडा घेतला. १९५० साली क्लीव्हलँडमध्ये त्यांनी आपले बारा संकेत ठरवले. त्यातले काही आपल्या गटांनीही ऐकण्यासारखे आहेत. सभासद व्हायला फी नाही, जात-धर्म नाही, फक्त दारू सोडायची इच्छा हवी. बैठकीचा खर्च सभासदांनीच वर्गणीतून भागवायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. राजकारणावर, वादाच्या विषयांवर बैठकीनं मत द्यायचं नाही. आणि आपलं नाव वर्तमानपत्रात, रेडिओवर, सिनेमात येऊ द्यायचं नाही. रेडिओचं नाव त्या संकेतात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणूनच आज या रेडिओवर आम्ही कुणाचं नाव घेत नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की रॉकफेलरसारखा अफाट श्रीमंत माणूस मदत करेल. रॉकफेलरनं १९३८ साली पाच हजार डॉलर दिले, पण जास्त द्यायला नको म्हणाला. त्याला वाटलं, पैसा आला की हे काम बिघडेल. तेव्हा यांना वाईट वाटलं. पुढं त्यांनीच तो नियम केला. आपल्या बचत गटाचंही तेच आहे ना? स्वतःच्या बचतीवर उभा राहिलेला गट टिकतो. अनुदान येणार म्हणून जमलेला गट अनुदान संपलं की मोडतो.

नाव न सांगण्याचं महत्त्व मात्र आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. आमच्याच चुकीतून कळलं. ती चूक आज सांगायलाच हवी.

मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही चौकशी करत करत तालुक्याच्या गावी चालणारी एक बैठक शोधली. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, शाळेच्या वर्गात. मावशींनी काकांना सांगितलं. ते पहिल्यांदा ओरडले, दुसऱ्यांदा ऐकून गप्प राहिले. एक दिवस स्वतःहून म्हणाले, "बघून तरी येतो." गेले. पुढच्या आठवड्यात परत गेले. महिनाभर प्यायले नाहीत.

आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत, तीसेक बायकांपुढं, मावशींचं नाव घेऊन सांगितलं. यांचे मालक बैठकीला जायला लागलेत, टाळ्या वाजवा. टाळ्या वाजल्या. मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, लाजल्या असतील.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावर पोरांनी काकांना विचारलं, "काय काका, शाळेत नाव घातलं म्हणे?" त्या रात्री काका पिऊन आले. मावशी पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. हप्ता मुलाच्या हाती पाठवला.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. मावशी रागावल्या नाहीत. चहा ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच बोललात, ताई. पण ते माझं सांगायचं नव्हतं आणि तुमचं तर नव्हतंच. ते त्यांचं होतं." आम्ही इतकी प्रशिक्षणं घेतली, पण एवढं साधं कुणी शिकवलं नव्हतं. अनामिक राहायचं म्हणजे लाजेनं लपायचं नव्हे. आपली गोष्ट कुणाला, कधी सांगायची हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडं ठेवायचा. तो आपण काढून घेतला की माणूस बैठकीतून उठून जातो.

आता बायकांच्या बैठकीची गोष्ट. ती लोइसपासून सुरू होते.

बिल सुटला तेव्हा लोइसला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण एका रविवारी बिल म्हणाला, चल, लवकर आटप, बैठकीला उशीर होतोय. लोइसनं पायातला बूट काढून त्याच्या दिशेनं भिरकावला. म्हणाली, खड्ड्यात गेल्या तुझ्या बैठका! मग तिचं तिलाच नवल वाटलं. नवरा पीत होता तेव्हा आपण कधी बूट फेकला नाही, आता सुधारल्यावर का फेकला? विचार करता करता तिला उमगलं. इतकी वर्षं आपण त्याला सांभाळत होतो. आपलं सगळं जगणं त्याच्या दारूभोवती फिरत होतं. आता त्याला मित्र मिळाले, मार्ग मिळाला आणि आपण होतो तिथंच राहिलो. आजारी तो एकटाच नव्हता.

तेव्हा पुरुष बैठकीला बसायचे आणि त्यांच्या बायका स्वयंपाकघरात चहा-कॉफी करत, नाहीतर बाहेर गाडीत वाट बघत बसायच्या. बसल्या बसल्या आपापसात बोलायला लागल्या. नवऱ्याच्या सुधारण्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त. अशा गप्पांचे गट ठिकठिकाणी होत गेले. १९५१ साली लोइस आणि तिची एक सोबतीण यांनी या सगळ्यांना जोडायचं ठरवलं. ए.ए.च्या कार्यालयाकडं घरच्यांची ८७ पत्रं-चौकश्या आलेल्या होत्या. त्या सगळ्यांना यांनी पत्रं लिहिली. त्यातून घरच्यांसाठीची 'अल-अनॉन' ही बैठक उभी राहिली. पुढं १९५७ साली दारुड्यांच्या घरातल्या पोरांसाठीही वेगळी बैठक निघाली.

त्याच १९५७ साली ए.ए. मुंबईत आली. आज महाराष्ट्रात मराठीतून चालणाऱ्या बैठका ठिकठिकाणी आहेत. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉक्टर अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसा दिला. गर्दच्या व्यसनासाठी म्हणून निघालेल्या या केंद्रात दारूचे रुग्णही मोठ्या संख्येनं यायला लागले. तिथं रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. लोइसला स्वयंपाकघरात जे उमगलं, तेच इथं ओळखलं गेलं. बाईलाही तिची बैठक लागते.

बैठकीचा खरंच उपयोग होतो का, असं कुणी विचारेल. २०२० साली संशोधकांनी २७ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात दहा हजारांवर माणसं होती. दारू पूर्ण सोडून राहण्यासाठी ए.ए.ची पद्धत आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार हे दुसऱ्या उपचारांइतकेच किंवा त्याहून जास्त उपयोगी ठरले. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही. काहींना त्यातलं देवाबद्दलचं बोलणं पटत नाही. तिथं सांगतात, तुझी श्रद्धा तुझ्यापाशी, आमची सक्ती नाही. तरीही नाही जमलं तर दवाखाना, समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र हे मार्ग आहेतच. आपली अडचण वेगळी आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या देशाच्या पाहणीत असं दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ आपल्यासारख्यांच्याच घरात आहेत.

म्हणून आता कामाचं बोलू.

बैठक शोधायची कशी? व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन नंबर आहे, १४४४६. त्यावर जवळच्या मदतीची माहिती विचारता येते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा नंबर आहे, तो तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

बैठकीत काय होतं? साधारण तास-दीड तास माणसं गोल बसतात. एकेक जण पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसानं बोललंच पाहिजे असं नाही. जन्मभराची शपथ मागत नाहीत, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही असं म्हणतात. काही बैठकांना घरच्यांना बसता येतं, काही फक्त पिणाऱ्यांसाठी असतात. जाण्याआधी विचारून घ्या. पिणारी बाई असेल तर तिच्यासाठीही दार उघडं आहे. अमेरिकेत अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून बायका या बैठकांत आहेत.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू सोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखा बडबडायला लागतो. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरला दाखवायचं, मग बैठक. दुसरी. दारू सोडवायचं म्हणून गुपचूप चहात, भाजीत कसलंही औषध घालायचं नाही. त्यावर दारू प्यायली तर माणूस दगावू शकतो. आणि नवरा मारत असेल तर तो बैठकीला जाण्याची वाट बघत बसू नका. १८१ नंबरवर बायकांना मदत मिळते. आजार असला तरी मारण्याचा परवाना नाही.

मावशींचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. काका चार महिन्यांनी परत जायला लागले. आपल्या तालुक्याला नाही, लांबच्या, दोन एसट्या बदलून. तिथं त्यांना कुणी ओळखत नाही. मध्ये पोळ्याला एकदा प्यायले, पुन्हा गेले. आता किती दिवस झाले हे आम्हाला माहीत आहे, पण ते आम्ही सांगणार नाही. मावशी मात्र म्हणाल्या, "माझं सांगा. मी आता रात्री बांधावर शोधायला जात नाही, हे सांगा." तेवढं सांगितलं.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक गटानं आपल्या वहीच्या मागच्या पानावर जवळच्या बैठकीचं ठिकाण, वार आणि वेळ लिहून ठेवावी. सोबत १४४४६. त्या पानावर कुणाचंही नाव लिहायचं नाही. जिला लागेल ती गुपचूप बघून घेईल.